कावीळ बी ला कॅन्सरचं इंजेक्शन देतात का?

सातरस्ता_पोरगा:
नमस्कार मंडळी, जरा टेन्शन आहे म्हणून विचारतोय. काकांना हिपॅटायटिस बी निघालाय, रक्तदानाला गेले तेव्हा कळलं, नाहीतर माणूस ठणठणीत, रोज यंत्रमागावर पाळी करतो. डॉक्टरांनी पेग इंटरफेरॉन लिहून दिलंय, आठवड्याला एक असं 48 आठवडे. काकूने शेजारणीला सांगितलं तर त्या म्हणल्या अगं हे तर कॅन्सरचं, आमच्या भावाला रक्ताच्या कॅन्सरला हेच द्यायचे. झालं, घरात रडारड, काकू म्हणतीय डॉक्टर काहीतरी लपवतोय. खरं काय? आणि एकच औषध दोन्हीला कसं चालतं?

औषधाची_पुडी:
काकूंना आधी चहा पाजा. डॉक्टर काही लपवत नाही आणि शेजारीणबाई पण खोटं बोलत नाहीत, दोघं बरोबर.

इंटरफेरॉन आपल्याच अंगात तयार होतं, पेग म्हणजे तेच, फक्त अंगात जास्त वेळ टिकेल असं केलेलं. 1957 ला लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी शोधलं, व्हायरसच्या कामात इंटरफिअर करतं म्हणून ते नाव. तुमचे काका मागावरचे आहेत तर तसंच सांगतो. व्हायरसकडे स्वतःचा माग नसतो, तो आपल्या पेशीत घुसून तिच्याच मागावर स्वतःचा माल काढतो. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन सोडते, तो निरोप शेजारच्या पेशींना पोचला की त्या माग बंद करायची तयारी करून ठेवतात, आत व्हायरसचा आरएनए, म्हणजे माल काढायचा त्याचा नमुना, आला तर त्याचे तुकडे करतात. शिवाय पांढऱ्या पेशींना हाक जाते ती वेगळीच.

आता कॅन्सर म्हणजे तरी काय, माग थांबतच नाही. तिथं हेच औषध पेशी वाढायचा वेग कमी करतं, आणि कॅन्सरची पेशी तोंड लपवून बसलेली असते तिला चेहरा दाखवायला लावतं, मग पांढऱ्या पेशी तिला धरतात. 1986 ला अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया नावाच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली. सीएमएल नावाच्या ब्लड कॅन्सरला पण हेच द्यायचे, 2001 ला इमॅटिनिबची गोळी आली आणि ते मागं पडलं.

गड्ड्याची_भेळ:
मी घेतलंय भाऊ, हिपॅटायटिस सी साठी, 2011 ला, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. खोटं कशाला सांगू, पहिले चार-पाच आठवडे लै बेकार. शनिवारी रात्री इंजेक्शन घ्यायचो, रविवारी अंग मोडून ताप, मे महिन्यात बाहेर 43 डिग्री आणि मी आपली सोलापुरी चादर ओढून कुडकुडतोय, बायको हसायची. नंतर ताप कमी झाला पण चिडचिड वाढली, उगीच रडू यायचं, मला वाटलं मीच बिघडलो, बायकोनेच डॉक्टरला सांगितलं तेव्हा कळलं की हा औषधाचा परिणाम. त्यामुळं काकांच्या तापापेक्षा त्यांच्या मूडवर लक्ष ठेवा, आणि रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड धरून, चुकवू नका. आता सी ला हे कोण देत नाही, बहुतेकांचं 12 आठवडे गोळ्यांवर भागतं. नशीब लागतं बघा.

होटगी_रोड:
इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत लागतं. फ्रीजच्या दारात ठेवू नका आणि वरच्या बर्फाच्या खणात तर अजिबात नाही, गोठलं की वाया. मेडिकलमधून आणताना आईसपॅकचा डबा घेऊन जा, आपल्याकडच्या उन्हात पिशवीत घालून स्कूटरवर आणू नका.

सातरस्ता_पोरगा:
धन्यवाद सगळ्यांना. पुडीदादा, मग बी ला पण गोळ्याच का नाही देत?

औषधाची_पुडी:
असतात की, टेनोफोविर, एन्टेकाविर. पण त्या बऱ्याचदा वर्षानुवर्षं चालतात, इंजेक्शनला ठरलेली मुदत असते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि लिव्हर फार खराब होऊन पोटात पाणी झालेल्याला तर देतच नाहीत, म्हणजे काकांचं लिव्हर बऱ्यापैकी असणार. गोळी का नको ते डॉक्टरलाच सरळ विचारा, राग नाही येत. आणि घरातल्या सगळ्यांची बी ची टेस्ट करा, निगेटिव्ह असेल त्याला लस द्या, हे आधी.

सातरस्ता_पोरगा:
शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांच्या भावाला 98 साली दिलेलं, सीएमएलच होता म्हणे. आमची काकू आता जेवली. उद्या आम्ही चौघं टेस्टला चाललोय.