आइंडहोव्हन ते आखेल सायकलने: माळरान, जंगल आणि विजेचे कुंपण

दांडियाबाजारकर (वडोदरा)

सप्रेम नमस्कार. मुलगी व जावई नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे असतात आणि येत्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता सहा आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जात आहोत. माझे वय 63. वीज खात्यात चौतीस वर्षे काढून निवृत्त झाल्यावर सायकलचा नाद लागला. आठवड्यातून तीनदा पहाटे सिंधरोटपर्यंत जाऊन, महीच्या काठी थोडे बसून परत येतो, त्यामुळे तीस-चाळीस किलोमीटरचे भय वाटत नाही. जावई सांगतात की शहराच्या दक्षिणेकडून जंगल आणि हीथच्या (जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या) माळरानातून थेट बेल्जियमच्या हद्दीपर्यंत सायकलमार्ग जातो आणि तेथे पहिल्या महायुद्धातील विजेच्या कुंपणाची प्रतिकृती उभी केली आहे. कुंपणात 2000 व्होल्टचा प्रवाह सोडलेला असे, हे ऐकल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. रस्ता चुकण्याची भीती कितपत आहे, आणि प्रत्यक्ष पाहण्यासारखे तेथे काय उरले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सायकलस्वार_मांजलपूर

नमस्कार काका. मी नोकरीनिमित्त तीन वर्षे आइंडहोव्हनला होतो आणि हा रस्ता दहा-बारा वेळा केला आहे. फाल्कन्सवार्डवरून लेंडरबॉसचे जंगल, पुढे हद्दीवरचा आखेलचा मठ आणि परत, असे साधारण चाळीस किलोमीटर होतात. चढ जवळजवळ नाहीच. मात्र उघड्या माळावर समोरून वारा लागला तर तो चढाइतकाच दमवतो, हे हिशेबात धरावे.

चुकण्याची काळजी करू नये. तिकडे सायकलमार्गांच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाट्याला क्रमांक दिलेला असतो. निघताना चिठ्ठीवर पाच-सात आकडे ओळीने लिहून घ्यायचे आणि एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे बाणांमागे जात राहायचे, एवढेच काम. ही युक्ती बेल्जियममधील लिंबर्ग प्रांतातली असून ती ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याला सुचली. खाणीतल्या बोगद्यांची वाट आकड्यांवरून ओळखायची सवय त्याने जमिनीवर आणली आणि 1995 मध्ये तेथे असे पहिले जाळे सुरू झाले. नेदरलँड्समध्ये या पाट्या हिरव्या-पांढऱ्या असतात. त्या निळ्या दिसू लागल्या की बेल्जियम आले असे समजावे.

खरी सावधगिरी ब्रेकबाबत बाळगावी. तिकडच्या पुष्कळ साध्या सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो. पॅडल उलटे दाबले की मागचे चाक थांबते. आपल्याला उतारावर किंवा वळणावर पॅडल मागे फिरवत राहण्याची सवय असते. त्याच सवयीने मी पहिल्याच दिवशी भर चौकात जागच्या जागी थांबलो आणि मागून येणाऱ्या आजीबाई माझ्यावर आदळता आदळता वाचल्या. त्या काय बोलल्या ते सुदैवाने कळले नाही. शिवाय तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग आपल्याकडे टोक करून दिसली तर थांबून समोरच्याला आधी जाऊ द्यावे लागते.

राजवाडा_इंदूर

पारपत्र जवळ असू द्यावे, ही एक सूचना. हद्दीवर सहसा कोणी अडवत नाही, पण देश बदलतो.

आता कुंपणाविषयी. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनीने बेल्जियमवर आक्रमण केले. नेदरलँड्स मात्र तटस्थ राहिले. त्यामुळे ही हद्द म्हणजे व्यापलेल्या देशातून बाहेर पडण्याचे दार ठरली. सैन्यात भरती होऊ इच्छिणारे बेल्जियन तरुण नेदरलँड्समार्गे इंग्लंडला आणि तेथून आघाडीवर जात; हेर, गुप्त पत्रे, पळालेले सैनिक आणि तस्करीचा मालही याच वाटेने जात असे. हे दार बंद करण्यासाठी जर्मनांनी 1915 च्या वसंतात कुंपण घालण्यास सुरुवात केली आणि ते वाढत वाढत 300 किलोमीटरांहून अधिक लांब झाले. मधली रांग विजेच्या तारांची, तिच्या दोन्ही बाजूंना साध्या तारांची रांग, आणि ठरावीक अंतरावर प्रवाह चालू-बंद करण्याची घरे, अशी रचना होती. वीज जवळच्या कारखान्यांतून घेत. हद्द वाकडीतिकडी आणि कुंपण शक्यतो सरळ, म्हणून कित्येकांची शेते, काहींची तर घरेही कुंपणापलीकडे एकटी पडली. मेले ते शेकडो, आणि सगळेच पळणारे नव्हते. त्या खेड्यांत वीज पोचलेलीच नव्हती. दिसायला साधी असलेली तार हात लागताच माणूस मारते, हे कोणाला खरे वाटावे? कुत्री आणि गुरे मेलेली पाहून लोक शिकले.

मूळ कुंपण मात्र पाहायला मिळणार नाही. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबले, प्रवाह बंद झाला आणि गावकऱ्यांनी खांब व तारा उपटून आपापल्या शेतांना लावल्या. आखेलची प्रतिकृती नंतरची आहे. हद्द ज्याच्या आवारातून जाते तो आखेलचा मठ न चुकता पाहावा. तेथील मद्यनिर्मितीची तांब्याची भांडी 1917 मध्ये जर्मनांनी मोडून नेली, सुमारे 700 किलो तांबे निघाले. वाटेतले लेंडरबॉसही फार जुने अरण्य नव्हे. ओसाड माळावर 1930 च्या दशकात बेकारांना काम म्हणून लावलेली पाइनची झाडे आहेत, म्हणून काही ठिकाणी ती कवायतीला उभी केल्यासारखी एका ओळीत दिसतात.

थोडे अवांतर: माणसे नव्हे तर मीठ अडवण्यासाठी इंग्रजांनी वाढवलेले काटेरी झुडपांचे कुंपण आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत येत होते आणि ती जकातीची रेषा 1879 मध्ये मोडीत निघाली, हे इंदुरात कोणाला सांगितले तर थट्टा समजतात.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. आम्ही 11,000 व्होल्टच्या वाहिन्यांवर काम केलेले. त्या मानाने 2000 हा आकडा लहान वाटला, तरी ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तो पुरेसा आहे, याबद्दल मला संशय नाही. मग जे सुटले ते कसे सुटले?

राजवाडा_इंदूर

कोणी खालची माती उकरून, कोणी तळ काढलेले लाकडी पिंप तारांमध्ये घालून त्यातून सरपटत गेले. वाट दाखवणाऱ्यांकडे घडीची लाकडी चौकट असे. ती दोन तारांमध्ये उभी करून उघडली की खिडकीसारखी जागा होई. काहींनी रबराचे कपडे आणि हातमोजे वापरले. पहारेकऱ्याला पैसे चारून काही वेळ प्रवाह बंद करवणारेही होते.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

चौकट कोरडी असेपर्यंत ठीक. दवात भिजलेले लाकूड मी हातात धरले नसते. रबरी हातमोज्यांचे वाचून मात्र अंगावर काटा आला. खांबावरचा स्विच ओढण्यापूर्वी आम्ही मोजा मनगटाकडून गुंडाळत नेऊन हवा बोटांत कोंडायचो आणि कानाशी धरून फुसफुस ऐकायचो. टाचणीएवढे भोक असले तरी मोजा बाद. रात्री, पहारा चालू असताना, उसन्या मोज्याचा हा तपास कोणी आणि कसा केला असेल?

आणखी एक विचारायचे राहिले. सौ. सायकल चालवत नाहीत, पण जांभळा माळ त्यांनाही पाहायचा आहे.

सायकलस्वार_मांजलपूर

काकूंना जावयांबरोबर मोटारीने मठापर्यंत येता येईल. तेथून पायी थोडे अंतर चालले तरी माळ लागतो. बहर साधारण ऑगस्टच्या उत्तरार्धात असतो, म्हणून पहिल्या आठवड्यात जाण्याची घाई करू नये. झुडपांत गोचिडी असतात. दोघांनीही लांब मोजे घालावेत, पायवाट सोडू नये आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे पाहून घ्यावे.