हेसे आणि भारत : थोडी भर

‘सिद्धार्थ’ ही कादंबरी जर्मन लेखक हेर्मान हेसेने भारतात राहून लिहिली, असं कुणी म्हणतं. तसं नाही. १९११ मध्ये तो पूर्वेकडे निघाला खरा, पण श्रीलंका, सिंगापूर, सुमात्रा इथून परतला. भारताची मुख्य भूमी राहूनच गेली.

भारत त्याच्या घरातच होता. आजोबा हेर्मान गुंडर्ट केरळात मिशनरी होते. त्यांचा मल्याळम-इंग्रजी शब्दकोश १८७२ मध्ये आला. हेसेची आई मारी तर केरळातल्या तलश्शेरीलाच जन्मली.

पण मला त्या कादंबरीत भारतापेक्षा हेसेच जास्त दिसतो. धर्मोपदेशक व्हावं म्हणून त्याला जर्मनीतल्या माउलब्रॉनच्या शाळेत घातलं होतं. १८९२ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो तिथून पळाला. कादंबरीचा नायक सिद्धार्थ (हा बुद्ध नव्हे) बापाचं घर सोडतो, पुढे प्रत्यक्ष गौतम बुद्ध भेटूनही त्यांचा शिष्य होत नाही. आणि मग त्याचा स्वतःचा मुलगा त्याला सोडून पळतो. नदीकाठी नावाडी झालेला, म्हातारा होत चाललेला तो सिद्धार्थ, पोराच्या आठवणीने तळमळणारा, मला बुद्धभेटीच्या प्रसंगाहून कितीतरी खोल वाटतो.

लिहिताना हेसे मध्येच अडला होता. शोधणारा सिद्धार्थ त्याला जमला, गवसलेला सिद्धार्थ लिहिता येईना. वर्षाहून अधिक काळ हस्तलिखित पडून राहिलं, पुस्तक १९२२ मध्ये आलं.

ज्यांना ‘सिद्धार्थ’ फार शांत वाटली, त्यांनी हेसेचीच ‘स्टेपनवुल्फ’ (१९२७) ही कादंबरी जरूर वाचावी. तिथे तोच शोध आहे, पण पन्नाशीकडे झुकलेल्या एकाकी, आतून फाटलेल्या माणसाचा.