शब्दचर्चा : 'धाव', 'धावणे' आणि 'ओट'

शंका : खानापूर भागातल्या आमच्या वर्गात मुले मराठीबरोबर कन्नडही शिकतात. 'धाव' आणि 'धावणे' ही दोन्ही नामेच असतील, तर एका धातूपासून दोन नामे कशाला, असे ती विचारतात. कन्नडमध्येही असे होते का?

उत्तर : 'धावणे' नाम झाले, तरी त्याच्यातले क्रियापद सुटलेले नसते, म्हणून त्याला 'वेगाने' हे क्रियाविशेषण चालते, 'धाव' मात्र पुरते नाम झाल्यामुळे तिला 'चोरटी' असे विशेषण लागते आणि 'धावा' असे अनेकवचनही होते. कन्नडमध्ये नेमका हाच भेद आहे : 'वेगवागि ओडुवुदु' (वेगाने धावणे), पण 'वेगवाद ओट' (वेगवान धाव). (बोलण्यात 'ओडुवुदु'चे 'ओडोदु' होते, बेळगावच्या बाजारात तेच कानी पडते.) 'ओडु' (धाव)चे 'ओट', 'आडु' (खेळ)चे 'आट', 'कूडु' (जम)चे 'कूट' (मेळावा) होताना शेवटचा ड कठोर होऊन ट होतो. संस्कृतातही पच्–पाक, त्यज्–त्याग असे अंत्य व्यंजन बदलते. मराठीला एवढाही खटाटोप लागत नाही. खेळ, मार, ओरड, वाढ हे धातू जसेच्या तसे नामे होतात.

खरी अडचण पुढे येते, ती लिंगाची. 'खेळ' आणि 'मार' पुल्लिंगी, तर 'ओरड' आणि 'वाढ' स्त्रीलिंगी. शब्दाच्या रूपावरून ते ओळखता येत नाही, आणि कन्नड घरातून आलेले मूल इथेच अडखळते, कारण 'ओट', 'आट' ही त्याची क्रियानामे सरसकट नपुंसकलिंगी असतात. त्याला आधी '-णे'ची नामे द्यावीत, असे माझे मत आहे. ती 'ओडुवुदु'प्रमाणेच नेहमी नपुंसकलिंगी असतात. जर्मनमध्येही मूळ क्रियारूपाचे नाम केले की ते नपुंसकलिंगीच होते.

पुरवणी : विशेषणांच्या बाबतीत पारडे फिरते. 'थोरल्याला बोलाव' म्हणताना मराठी विशेषणालाच विभक्ती लागते, कारण लिंग-वचन त्याच्या अंगातच असते. कन्नड 'दोड्ड' (मोठा, थोरला) कधीच बदलत नाही. म्हणून त्याला सर्वनामाचा प्रत्यय जोडून दोड्डवनु (थोरला), दोड्डवळु (थोरली), दोड्डदु (मोठे) अशी नामे करावी लागतात. इंग्रजीत 'द रिच' म्हटले की सगळे श्रीमंत येतात. एकट्या श्रीमंतासाठी मात्र 'मॅन' किंवा 'वन' जोडावेच लागते.