समूहात बिनचूक, एकट्याने मात्र दुसऱ्या कडव्यापाशी अडते

प्रश्न

मी तिसरीच्या वर्गाला भाषा शिकवते. सगळी मुले मिळून म्हणतात तेव्हा पाच कडव्यांची कविता एकही शब्द न चुकता पूर्ण होते. पण त्यांच्यापैकी कोणालाही पुढे येऊन एकट्याने म्हणायला सांगितले, की पहिले कडवे खणखणीत होते आणि दुसऱ्याच्या तोंडाशी मूल थांबते. पहिला शब्द सुचवला, की पुढचे कडवे सलग येते. सादरीकरण जवळ आले आहे. नुसती घोकंपट्टी वाढवणे मला पटत नाही, तर काय करावे?

पहिले उत्तर

अडखळण्याची जागाच कारण सांगते आहे. कडव्याच्या आतल्या ओळी यमकाने आणि लयीने एकमेकींना ओढून आणतात, परंतु एक कडवे संपून दुसरे सुरू होताना तसा धागा नसतो. समूहात त्या क्षणी दोन-चार मुलांना पुढचा शब्द आठवतो आणि बाकीची लगेच त्यांचा सूर पकडतात, त्यामुळे सांधा कच्चा आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून सराव सांध्यांचाच घ्यावा: कडव्याची शेवटची ओळ आपण म्हणावी आणि पुढच्याची पहिली ओळ एकेका मुलाने म्हणावी. कविता फळ्यावर लिहून रोज तिच्यातले थोडे शब्द पुसत जावे आणि प्रत्येक कडव्याचा पहिला शब्द सर्वांत शेवटी पुसावा. एका कडव्यातून दुसऱ्यात कवी का गेला, हेही मुलांशी बोलावे. पाऊस आला, म्हणून पाखरे घरट्यात परतली, एवढे जरी मुलाला उमगले, तरी पाखरांचे कडवे पावसानंतर आपोआप आठवते.

दुसरे उत्तर

वरील मताला संशोधनाचाही आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्थहीन अक्षरसमूहांच्या तुलनेत कवितेची कडवी सुमारे एक दशांश श्रमांत पाठ झाली. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर न पाहता आठवून पाहणारे पुढे होते. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणि गद्यावर झाला होता, तरी पुस्तक मिटून आठवण्याची सवय लहान मुलांनाही लावावी, असे मला ठामपणे वाटते.

तिसरे उत्तर

एक वेगळी बाजू मांडतो. ठरलेल्या चालीत पाठ केलेली कविता मुले त्या चालीबाहेर म्हणू शकत नाहीत आणि जोर अर्थावर न पडता ठेक्यावर पडतो. तीच कविता एखादी बातमी सांगावी तशी सावकाश म्हणून घ्या. हावभावही शिकवू नयेत. ‘आभाळ’ म्हणताच वीस हात एकदम वर जातात, तेव्हा त्यातले एकही मूल आभाळ पाहत नसते. कोणता शब्द आपल्याला दिसतो, हे मुलालाच विचारावे आणि हात तेवढ्यापुरताच हलू द्यावा.

एकट्याने म्हणण्याची सक्ती मात्र मला योग्य वाटत नाही. बुजऱ्या मुलांना जोडीने उभे करून एकाआड एक कडवे म्हणू द्यावे. त्यात सांध्यांचा सराव आपसूकच होतो. कोणी थांबलेच, तर शब्द सुचवण्याची घाई करू नये. थोडा वेळ थांबून ‘मग पुढे काय झाले?’ एवढेच हळूच विचारावे.