फॉर्च्युनर वळणावर झुकते: मागे जाड स्वे बार टाकावा का?

प्रश्न: घाटात गाडी फार कलते, खड्ड्यात पुढून टकटक येते. फक्त मागचा स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणारी स्टीलची दांडी) जाड केला तर चालेल?

घाटवाट: आधी टकटक शोधा दादा. चाकं जमिनीवर ठेवून लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) हाताने हलवा. तिच्या टोकाच्या बॉल जॉइंटला प्ले (ढिलेपणा) असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक बदला, बार धरून ठेवणारे रबर बुशही बघा. लिंक ढिली असेल तर बार उशिरा काम करतो. तिथे जाड बार टाकूनही पैसे वायाच.

पाना१७: भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २५ मिमीचा २८ केला की तब्बल ५७ टक्के जास्त! फक्त मागे एवढा वाढवलात तर ओल्या वळणावर मागची बाजू घसरू शकते. खराब रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जातो, गाडी डावी-उजवी डुलते. आणि टपावरच्या कॅरियरवरचं सामान आधी उतरवा, त्यानेच बराच फरक पडेल.

घाटवाट: रबराऐवजी पॉलियुरेथेन बुश घेतलेत तर सिलिकॉन ग्रीसच लावा, नाहीतर करकर सुरू होते. रबर बुशचे क्लॅम्प शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी.