परदेशातले गांजा क्लब : प्रवाशाने जावं का?

गोदाकाठचा
ओळखीतली काही पोरं दिवाळीत युरोपला निघाली आहेत. बेतात बार्सिलोनाचा गांजा क्लब, म्हणजे फक्त सभासदांना गांजा देणारं मंडळ आहे. विचारलं तर उत्तर एकच, ‘तिकडे लीगल आहे.’ कुणाला लीगल, हे कुणी वाचत नाही. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढाला २५ ग्रॅम जवळ बाळगता येतो, जुलैपासून क्लबही आले. पण सभासद व्हायला जर्मनीत किमान सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं, आणि क्लबात बसून ओढायला मनाई. माल्टा, उरुग्वे इथेही क्लब फक्त रहिवाशांचे. राहिलं स्पेन. तिथले क्लब म्हणजे खाजगी मंडळं, तीही अधांतरी. बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कॅटलोनियाने २०१७ मध्ये त्यांच्यासाठी केलेला कायदा स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला. बार्सिलोनाच्या ला रांब्ला रस्त्यावर क्लबांचे दलाल मागे लागतात, ते कुणाच्या जिवावर? आपल्यासारख्यांच्या. बाहेर रस्त्यावर माल सापडला तर दंड ६०१ युरोपासून पुढे.

कॉलेजरोडकर
असहमत. सिंहस्थात चिलीम ओढणाऱ्या साधूंपुढे हात जोडायचे, रविवारी वायनरीत टेस्टिंगला जायचं, आणि पोरांनी परदेशात दोन झुरके मारले की आपले संस्कार जागे! १८९४ साली गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्रिटिशांच्याच हेम्प ड्रग्ज कमिशनने पूर्ण बंदी नको म्हणून अहवाल दिला होता. आपला अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, म्हणजे कालपरवाचा. ॲमस्टरडॅमच्या कॉफीशॉपात, म्हणजे तिथल्या गांजाच्या दुकानात, प्रवाशालाही पाच ग्रॅमपर्यंत मिळतो. काय बुडालं?

गोदाकाठचा
संस्कार हा शब्द माझ्या पोस्टमध्ये शोधून दाखवा. आणि त्याच नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला कॉफीशॉपात फक्त रहिवाशांना प्रवेश आहे. ॲमस्टरडॅमच्या रेड लाइट भागात २०२३ पासून रस्त्यावर ओढायला बंदी. का, तर राहणारे लोक वैतागले.

पंचवटीची वकील
साधूंना कायद्यात सूट नाही, तिथे पोलीस डोळेझाक करतात एवढंच. भांगेचंही सांगते. एनडीपीएसमध्ये नुसती पानं येत नाहीत हे खरं, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिला परवान्याशिवाय सोडत नाही. आता मूळ मुद्दा. एनडीपीएसच्या पहिल्याच कलमात हा कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, असं लिहिलंय. घाबरवत नाही. अशा गुन्ह्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, झुरक्यासाठी ती कोण मागणार? खरा घोळ येताना विमानतळावर होतो. बॅगेत ‘तिकडची’ पुडी निघाली तर तिकडचा कायदा कामाला येत नाही. किलोच्या आतला गांजा असला तरी एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कॉलेजरोडकर
ताई, बॅगेत आणा असं मी कुठे म्हटलंय? तिथेच ओढा, तिथेच विसरा.

सिडकोची आई
विसरता येत असतं तर बरं होतं. माझा मुलगा सिंगापूरला पीआरवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर आहे. तिथल्या नागरिकाने किंवा पीआरवाल्याने दुसऱ्या देशात ओढला तरी सिंगापुरात तो गुन्हाच, आणि परतल्यावर लघवीची तपासणी होऊ शकते. मित्र त्याला बँकॉकला चल म्हणत होते. थायलंडने २०२२ मध्ये सगळं मोकळं केलं आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणून ठेवलं. जुने व्हिडिओ बघून जाणाऱ्यांना हे कोण सांगणार? मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. जुनाट म्हणा हवं तर.

कॉलेजरोडकर
काकू, तुमच्या मुलापुरतं शंभर टक्के मान्य. पीआरवाल्याने त्या वाटेला जाऊच नये. पण गोदाकाठच्यांचा सूर असा की क्लब रहिवाशांपुरते ठेवले ते योग्यच. मला तेच पटत नाही. क्लबात वय तपासतात, माल कुठून आला ते माहीत असतं. प्रवाशाला दार बंद केलं की तो दलालाकडेच जाणार ना?

गोदाकाठचा
जर्मनीने ते दार मुद्दाम बंद ठेवलंय. गांजासाठी पर्यटकांच्या झुंडी आल्या की काय होतं, ते त्यांनी शेजारच्या डच गावांत पाहिलंय. पाहुण्याची हौस भागवणं हे त्या कायद्याचं काम नाही.

कॉलेजरोडकर
मग ला रांब्लावरच्या दलालांबद्दल तक्रार करू नका. त्यांचा धंदा याच अटीवर चाललाय.