स्पीकरचा बॉक्स इपॉक्सी-ग्रॅनाइटचा करावा काय?

खानापूरकर:
आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डचा बॉक्स कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोकांशी फुगणारच. घरच्या स्पीकरसाठी त्याचा नाद सोडा म्हणतो मी. इलकलच्या ग्रॅनाइटची बारीक खडी, भुकटी आणि वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रसायन), हे साच्यात ओतायचं. मशीनचे बेड (खालचा जड पाया) असे ओततात, कारण हे मिश्रण बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा कंपन लवकर जिरवतं; स्पीकरच्या बॉक्सलाही तेच पाहिजे. बेळगावात फौंड्र्या आहेत, साच्यासाठी पॅटर्न करणारे आहेत. मग अडतंय कुठं?

उद्यमबागवाला:
वजनात अडतंय गा! आतून 20×20×30 सेंमी धर, म्हणजे 12 लिटर. 18 मिमी एमडीएफचा बॉक्स साधारण 5 किलो भरतो. तेच 20 मिमी जाड ओतलास तर 17 किलो. उद्या दुसरा ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल भाग) बसवायचा झाला आणि भोक थोडं मोठं लागलं, की काय करणार? एमडीएफला राउटर (लाकूड कोरायचं मशीन) फिरवून मोकळं होता येतं. शिवाय ग्रॅनाइट घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाते, ते कुणी बोलतच नाही.

खानापूरकर:
धुळीचं मान्य, मास्क लावूनच करायचं. पण वजनाचं काय? एकदा स्टँडवर ठेवला की रोज कोण उचलतंय?

मांडववाला:
आम्ही उचलतो की! गणपतीत 18 इंची सब (खर्जाचा मोठा स्पीकर) रोज ट्रकवर चढतो आणि उतरतो. तो दगडाचा केलात तर पोरं पहिल्याच रात्री पळून जातील. प्लायवुड ते प्लायवुड.

चिकोडीवाला:
उसाच्या पट्ट्यात राहून बगॅस बोर्डचं, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या बोर्डचं नाव कुणी काढत नाही, कमाल आहे. पण खरं सांगायचं तर कारखाने बगॅस बॉयलरलाच घालतात, आणि ओल लागली की तो बोर्डही फुगतो. म्हणजे खानापूरला उपयोग नाही.

निपाणीकर:
तुम्ही सगळे जड की हलकं यावरच भांडताय. बीबीसीच्या इंजिनिअरांनी 1970 च्या दशकात एलएस थ्री-फाइव्ह-ए हा छोटा स्पीकर केला, तो 12 मिमी बर्च प्लायचा. आतून डांबरी पॅड चिकटवलेले. पातळ भिंत हलू दे, पण हललेलं लगेच मरायला पाहिजे, हा विचार. पुढं 1980 च्या दशकात सेलेस्टियन या स्पीकर कंपनीनं एसएल-600 या स्पीकरसाठी विमानात वापरतात तसला मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा ॲल्युमिनियम पत्रा घेतला: हलका, पण ताठ. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो, म्हणून दोन पातळ पत्र्यांमध्ये हलका गाभा घालून जाडी वाढवायची, वजन नाही. खानापूरकर, तुमच्या ओलीवरही तोच उपाय: दोन्हीकडं फायबरग्लास, मध्ये फोम.

खानापूरकर:
फोमचा गाभा आणि फायबरग्लासच्या कातडीचा सांधा सुटला की तोच बॉक्स खडखडायला लागतो. ओतीव दगडात सांधाच नाही.

उद्यमबागवाला:
सांधा नाही, मग मागचं झाकण कशावर बसवणार, ते आधी सांग.